कंदील, लालटेन, चिमणी, फानस, ढिबरी: कोणता शब्द नेमका कोणत्या दिव्याचा?

जुनी_वात (इंदूर)

इंदुरातल्या मराठी घरात 'चिमणी' या एका शब्दाचे चार अर्थ निघतात. पक्षी, घासलेटचा उघड्या ज्योतीचा छोटा दिवा, कंदिलाची काच आणि गिरणीचं धुराडं. हुकुमचंद मिलची चिमणी, कंदिलाची चिमणी आणि कोनाड्यातली चिमणी या तिन्ही वस्तू एकाच इंग्रजी शब्दाच्या पोटच्या. गंमत म्हणजे त्यातल्या कोनाड्यातल्या चिमणीला चिमणी, म्हणजे काच, नसतेच!

दिव्यांच्या जुन्या शब्दांचा असा घोळ इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा इथल्या मराठीत फार आहे. इथे मराठी, हिंदी, माळवी, गुजराती एकाच घरात नांदतात, म्हणून. तो सोडवायला धागा काढतोय. शब्द लिहा, त्यामागची वस्तू सांगा, ती पेटते कशी आणि बिघडते कुठे ते सांगा. 'आमच्या आजीकडे होता' छापाच्या आठवणींसाठी वेगळा धागा आहे, तिकडे लिहा.

मला वाटतं तीन प्रश्न विचारले की बहुतेक गोंधळ सुटतो. तेल कोणतं, ज्योतीला आडोसा आहे का, आणि हवा कुठून शिरते. समई, पणती, लामणदिवा, ठाणवई हे गोडेतेलाचे. त्यांत ज्योत तेलाच्या जवळजवळ पातळीवर असते, कारण तिळाचं किंवा शेंगदाण्याचं तेल जाडसर, ते वातीतून फार उंच चढत नाही. घासलेट पातळ. ते बोटभर उंच वातीतून सहज चढतं, म्हणून त्याची टाकी खाली आणि ज्योत वर ठेवता येते. चिमणी आणि आजचा कंदील हे दोन्ही त्या पातळ तेलाचे दिवे. कंदिलाच्या टाकीत गोडेतेल घालून पाहणाऱ्यांची वात दहा मिनिटांत कोळसा होते ती याचमुळे. तेल पोचत नाही, मग कापूसच जळतो.

व्युत्पत्ती_वेडी

कंदील हा शब्द घासलेटपेक्षा कितीतरी जुना. लॅटिन कँडेला, तिथून ग्रीक, तिथून अरबी किंदील, मग फारसीमार्गे आपल्याकडे कंदील. म्हणजे कंदील आणि इंग्रजीतली कँडल ही चुलत भावंडं. मूळ अर्थ टांगलेला, आडोशातला दिवा. आडोसा काचेचा, अभ्रकाचा, कापडाचा, कागदाचा, कशाचाही. दिवाळीतल्या आकाशकंदिलात तोच जुना अर्थ जिवंत आहे. त्याला टाकी नाही, किल्ली नाही, काच नाही, तरी कंदीलच. पत्र्याचा घासलेटी कंदील एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आला आणि त्यानं तयार नावच उचललं.

लालटेन हा इंग्रजी 'लँटर्न'चा हिंदी अवतार. इंदूरच्या मराठीत तो स्त्रीलिंगी चालतो, 'ती लालटेन', कारण हिंदीत तसाच आहे. कंदील मात्र पुल्लिंगी. आणि लिहिताना तेवढं सांभाळा बुवा: कंदील दीर्घ, पण कंदिलाचा, कंदिलात, कंदिलाला ऱ्हस्व. दुकानांच्या पाट्यांवर 'कंदीलाची काच' पाहून डोळे दुखतात.

फानस वेगळ्याच कुळातला. ग्रीक फानोस, अरबी-फारसी फानूस. उर्दू-हिंदीत फानूस म्हणजे दिव्याचं काचेचं आवरण, नाहीतर झुंबर. गुजरातीत फानस म्हणजे थेट हातातला कंदील. महालातलं झुंबर आणि गोठ्यातला कंदील एकाच शब्दातून निघाले.

समईचंही सांगून टाकते, कारण ती कुणाला परकी वाटत नाही. अरबी 'शमा' म्हणजे मेणबत्ती, त्याची आपण समई केली.

दांडियाबाजार (बडोदा)

आमच्याकडच्या मराठीत 'कंदील' दिवाळीपुरता, एरवी 'फानस'. काचेला गुजरातीत पोटो, आमच्या तोंडी पोटा. 'फानसचा पोटा तडकला' हे वाक्य बडोद्याच्या मराठी घरात कुणाला खटकत नाही, पुण्याच्या पाहुण्याला मात्र दोनदा सांगावं लागतं. उघड्या ज्योतीच्या छोट्या दिव्याला गुजरातीत खडियो. खडियो म्हणजे दौतही. दोन्हींचा घाट तोच, बुटकं भांडं आणि वर अरुंद तोंड.

लष्करवाला (ग्वाल्हेर)

इकडे चिमणी कमी, ढिबरी आणि डिबिया जास्त. ढिबरी म्हणजे बोल्टवर फिरवायचा नटही. 'ढिबरी टाइट कर दूंगा' ही धमकी नटाची आहे, दिव्याची नाही. दिव्यावरून ती आली असं छातीठोकपणे सांगणारे बरेच भेटतात, त्यांचं ऐकू नका.

ढिबरीची रचना तशी साधी. पत्र्याची डबी किंवा काचेची बाटली, झाकणाला मधोमध भोक, त्यात पेन्सिलीएवढी पत्र्याची नळी, नळीत सुती दोरी किंवा पिळलेली चिंधी. वात नळीच्या वर गव्हाच्या दाण्याएवढी, जास्त नाही. यात लोक चुकतात ते एका ठिकाणी: झाकणाला दुसरं, टाचणीएवढं भोक लागतं. तेल खाली गेलं की त्या जागी हवा आत यायला हवी. ती येत नसली तर तेल वर चढायचं मंदावतं, ज्योत बारीक होत जाते आणि माणूस वात वर ओढत बसतो. वात उंच झाली की काजळी. दोष वातीचा नसतोच मुळी.

आणि काचेची बाटली ही वाईट निवड. तळ अरुंद, उंची जास्त, धक्का लागला की तेल आणि ज्योत एकदम जमिनीवर. पत्र्याची, बुडाला रुंद असलेली डबी बरी.

मिस्त्री_मल्हारगंज (इंदूर)

कंदिलाच्या भागांची नावं लिहून ठेवतो, म्हणजे पुढे बोलताना सोपं पडेल. खाली टाकी, टाकीला तेल घालायचं तोंड आणि त्याचं फिरकीचं झाकण. टाकीवर बर्नर, त्याला बाहेर आलेली किल्ली, आत दातेरी चाकं जी वात वर-खाली करतात. बर्नरवर घुमटीसारखी टोपी, तिच्यात वातीच्या मापाची फट. त्याभोवती भोकांची जाळी. जाळीवर काच. काच उचलायचा तारेचा खटका. दोन बाजूंना दोन पोकळ नळ्या, वर छत्री, आणि धरायची कडी. नळ्या शोभेच्या नाहीत, हे पहिलं ध्यानात घ्या. हवा त्यांतूनच येते.

वातीचं माप सुतात सांगतात. आठ सूत म्हणजे एक इंच. छोट्या कंदिलाला चार किंवा पाच सूत, मोठ्याला सात-आठ. दुकानात 'कंदिलाची वात द्या' एवढंच म्हणू नका, जुन्या वातीचा तुकडा घेऊन जा. रुंद वात कोंबली तर दातेरी चाकं घसरतात आणि वात वाकडी चढते. अरुंद वात घातली तर बाजूच्या फटीतून ज्योत टाकीकडे डोकावते, आणि ते धोक्याचं.

नवी वात घातल्यावर टाकी पाऊण भरायची, काठोकाठ नाही. तेल तापलं की फुगतं. मग अर्धा तास थांबायचं. वात वरपर्यंत भिजल्याशिवाय काडी लावली की वरचा कापूस जळतो, कडा कडक होते आणि पुढे ती वात कधीच नीट पेटत नाही. कात्री धारदार हवी. वात सरळ आडवी कापायची आणि दोन्ही कोपरे केसभर तिरपे उडवायचे. कोपरे राहिले तर ज्योतीला दोन शिंगं फुटतात आणि काच दोन्ही बाजूंनी काळी होते.

पेटवताना ज्योत लहान ठेवा, काच बसवा, दोन-तीन मिनिटं काच तापू द्या, मग किल्ली फिरवा. गार काचेत एकदम मोठी ज्योत केली की काच तडकते, विशेषतः डिसेंबर-जानेवारीत. गरम काचेवर पाण्याचा थेंब पडला तरी तेच.

आता बिघाड. काच एकाच बाजूला काळी होत असेल तर वात तिरपी कापलेली आहे, किंवा जाळीची भोकं त्या बाजूला मेलेल्या किड्यांनी बुजलीत. सगळीकडून काळी होत असेल तर वात उंच आहे, किंवा नळीत मातीमाशीनं घर केलंय. हे दुसरं कारण फार आढळतं आणि कुणी पाहत नाही. कंदील वर्षभर अडगळीत पडला की नळ्यांत मातीचं घर झालंच समजा. जाड तार घालून मोकळं करायचं.

ज्योत नाचत असेल तर काच जाळीवर नीट बसलेली नाही. ज्योत तडतडत असेल तर तेलात पाणी आहे. पाणी टाकीच्या तळाशी बसतं, वातीत शिरतं आणि तेलाची वाट अडवतं. टाकी रिकामी करून उन्हात वाळवायची, वातही वाळवायची. नाहीच सुधारली तर बदलायची, वात काही सोन्याची नसते.

आणि 'कंदील गळतो' ही तक्रार. दहापैकी निम्म्या वेळा टाकी फुटलेली नसते. विझवल्यावर वात वरच राहिली की तेल वातीतून चढत राहतं, बर्नरवरून ओघळतं आणि सकाळी टाकीखाली डाग दिसतो. विझवल्यावर वात फटीच्या काडीभर खाली घ्यायची, गळती थांबते. खरंच भोक पडलं असेल तर ते बहुधा खालच्या सांध्यावर, गंजून. सोल्डर करायचं असेल तर टाकी आधी रिकामी करा, साबणाच्या पाण्यानं दोन-तीनदा धुवा आणि भोकाच्या खालपर्यंत पाण्यानं भरूनच तापवा. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा वाईट.

काजळी

काच पुसायची जुनी रीत अजून उत्तम: चाळलेली राख कोरड्या फडक्यावर, मग वर्तमानपत्राचा कागद. साबण-पाणी केलंत तर पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नका. चाळल्याशिवाय राख घेतली तर खडे ओरखडे पाडतात, आणि काच पुढे तडकते ती त्याच ओरखड्यावर.

नवी काच मिठाच्या गार पाण्यात बुडवून हळूहळू उकळायची आणि त्याच पाण्यात निवू द्यायची, असा एक प्रघात आहे. त्याचा भरवसा मी निम्माच धरते. काच मुळात जाड-पातळ ओतली गेली असेल तर उकळून काही होत नाही. उजेडाकडे धरून फिरवून पाहा, लाटा आणि बुडबुडे दिसले तर घेऊच नका.

निमाडवारा

मिस्त्रीकाका, एक शंका. काही कंदिलांच्या नळ्या वर सरळ धुराड्याला मिळतात आणि काहींना छत्रीखाली वेगळी गोल पेटी असते. दुसरा प्रकार जास्त उजेड देतो. असं का?

मिस्त्री_मल्हारगंज (इंदूर)

बरोबर हेरलंत. पहिल्याला हॉट ब्लास्ट म्हणतात, दुसऱ्याला कोल्ड ब्लास्ट. दोन्ही जॉन अर्विन या अमेरिकन माणसाच्या कल्पना, पहिली १८६० च्या दशकाच्या शेवटी, दुसरी १८७० च्या दशकात. न्यूयॉर्कच्या डीट्झ कंपनीनं त्या जगभर पोचवल्या.

पहिल्या प्रकारात ज्योतीवरून वर गेलेली गरम हवा काही प्रमाणात नळ्यांतून परत खाली बर्नरकडे येते. तिच्यातला प्राणवायू आधीच खर्ची पडलेला, म्हणून ज्योत पिवळसर, पण तेल कमी खाते. दुसऱ्यात धूर मधल्या धुराड्यातून बाहेर जातो आणि नळ्यांना त्या गोल पेटीतून फक्त ताजी हवा मिळते. ज्योत पांढरी आणि मोठी. वारा सुटला तरी विझत नाही, त्याचं कारणही तिथेच आहे. हवा आत घ्यायची जागा आणि धूर सोडायची जागा शेजारी-शेजारी, त्यामुळे झोत दोन्हींवर सारखाच पडतो आणि आतला प्रवाह उलटत नाही. 'वादळी कंदील' किंवा 'हरिकेन' हे नाव याच गुणावरून.

तेलाचा अंदाज हवा असेल तर: जर्मन फायरहँडच्या २७६ नंबरच्या छोट्या कंदिलात ३४० मिलिलीटर मावतं आणि ते सुमारे २० तास जातं. म्हणजे ताशी चहाचे तीन-चार चमचे.

जुनी_वात (इंदूर)

कंपन्यांचीच नावं होऊन बसलेले शब्द राहिलेत. 'डिटमार' हा व्हिएन्नाच्या दिवे करणाऱ्या कंपनीचा, जुन्या मराठीत डिटमारचा दिवा म्हणजे टेबलावरचा घासलेटी दिवा. 'किटसन' हा आर्थर किटसनच्या दाबाच्या दिव्याचा, लग्नाच्या वर्णनांत 'किटसनच्या बत्त्या' सापडतात. आणि आपला 'प्रभाकर'. कऱ्हाडजवळ, औंध संस्थानात, १९१६ साली सुरू झालेल्या ओगले काच कारखान्याचा कंदील. कारखान्यावरून गावाचं नाव ओगलेवाडी पडलं आणि कंदिलाचं नाव इतकं रुजलं की 'प्रभाकर पेटव' म्हणजे कंदील पेटव. स्वदेशीच्या काळात परदेशी मालाला हा देशी पर्याय होता, म्हणून माळव्यातल्या मराठी घरांनाही तो शब्द ओळखीचा.

परदेशीपुरा (इंदूर)

कंदिलावर पुष्कळ झालं. गॅसबत्तीचं कुणीतरी लिहा. अनंत चतुर्दशीच्या झांक्यांबद्दल, म्हणजे मिरवणुकीतल्या चित्ररथांबद्दल, बोलणं निघालं की 'गैसबत्ती' हा शब्द येतोच, पण तिच्यात गॅस कुठे असतो?

खटका

सिलिंडरचा गॅस नसतोच. तिच्यातही घासलेट, पण वातीशिवाय. टाकीत पंपानं हवा दाबायची, दाबानं तेल बारीक नळीतून वर चढतं, तापलेल्या नळीत त्याची वाफ होते, ती सुईएवढ्या भोकातून सुटते, हवेत मिसळते आणि जाळीच्या पिशवीत जळते. म्हणजे गॅस बत्ती स्वतःच तयार करते, एवढ्यापुरतं नाव खरं. पेट्रोमॅक्स ही बर्लिनच्या एरिश उंड ग्रेट्झ कंपनीची छाप, पेट्रोलियम आणि मॅक्स ग्रेट्झ यांच्या नावांचा जोड. पुढे कुठल्याही कंपनीची बत्ती पेट्रोमॅक्सच झाली.

त्या जाळीला मँटल म्हणतात, बाजारात 'मेंटल'. दुकानात 'दोन मेंटल द्या' म्हणणारा शहाणाच असतो. मँटलचा शोध ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाखचा, १८८५ चा. १८९१ पासून ९९ टक्के थोरियम आणि १ टक्का सीरियम या ऑक्साइडांचं मिश्रण ठरलं. उजेड देतं ते ऑक्साइडच, सूत फक्त साचा. म्हणून नवा मँटल बांधल्यावर आधी काडी लावून पूर्ण जाळायचा. तो आक्रसून पांढरी राख होतो आणि नंतर बोटही लावायचं नाही. जुन्या थोरियमच्या मँटलची राख किंचित किरणोत्सारी असते, ती फुंकू नका, ओल्या फडक्यानं उचला. अलीकडच्या बऱ्याच मँटलांत थोरियमऐवजी यिट्रियम असतं.

पेटवायची रीत ५०० कँडल पॉवरच्या बत्तीची सांगतो, तिच्या टाकीत सुमारे एक लिटर बसतं आणि आठेक तास जातं. तेल गाळणीतून घालायचं, काठापर्यंत नाही, वर हवेला जागा लागते. दाबाचा स्क्रू सैल ठेवायचा. नळीभोवतीच्या वाटीत स्पिरिट भरून पेटवायचं. ते विझत आलं की स्क्रू आवळायचा, चावी उघडायची आणि पंप मारायचा. आधी थोडे हात, मँटल पांढरा उजळला की मग काट्याच्या लाल खुणेपर्यंत. ती खूण साधारण २ बारची.

नव्वद टक्के लोक घाई करतात ती स्पिरिटच्या वेळी. नळी पुरती तापली नाही तर वाफेऐवजी तेलच येतं, बत्ती भकाभका पिवळी पेटते आणि मँटल काळा होतो. अशा वेळी पंप मारत सुटू नका. स्क्रू सैल करून दाब सोडा, थंड होऊ द्या, पुन्हा स्पिरिटपासून सुरू करा. हिवाळ्यात वाटी दोनदा भरावी लागते. काळा मँटल फेकायची गरज नाही, बत्ती नीट तापली की काजळी जळून तो पुन्हा पांढरा होतो.

बत्ती धपापत असेल, म्हणजे उजेड कमी-जास्त होत असेल, तर भोकात कचरा आहे. चावी झटकन एक फेरा फिरवली की आतली सुई भोक साफ करते. पंप हलका लागतो आणि दाब भरत नाही, तर आतला चामडी वायसर वाळलाय. काढून तेलात भिजवा, कडा बोटांनी फुलवा, परत बसवा. नवा वायसर घालायची वेळ क्वचित येते. मँटलला भोक पडलं असेल तर मात्र बत्ती पेटवूच नका, तिथून सुटणारा झोत काच फोडतो.

पोत

तुम्ही सगळे काचेच्या आतच अडकलात. आडोसा नसलेल्यांची नावं तर याहून जास्त. राजवाड्यातल्या मल्हारी मार्तंडाच्या देवळामुळे इंदूरकरांना दिवटी माहीत असावी. खंडोबाच्या पूजेत दिवटी आणि बुधली ही जोडी. दिवटी म्हणजे धातूची लहान मशाल, टोकाला कापड गुंडाळलेलं. बुधली म्हणजे तिच्यावर घालायच्या तेलाचं भांडं. कापडाचा पीळ घट्ट हवा. सैल असला तर तेल टिकत नाही आणि जळके धागे गळतात. तेल एकदम न ओतता थोडं थोडं, पीळ काळा पडू लागण्याआधी. पीळ कोरडा पडला की कापड जळतं, ओला असला की तेल जळतं, सगळा खेळ तेवढाच.

टेंभा आणि मशाल जवळजवळ एकच. मशाल अरबीतून आली, टेंभा आपला. हिलाल ही मशालीचाच प्रकार. अरबीत हिलाल म्हणजे चंद्रकोर. पलिता म्हणजे तेलात भिजवलेली पिळलेली चिंधी, तोफेला बत्ती द्यायलाही तोच. काकडा तसाच, पण देवापुढचा, त्यावरून काकड आरती. पोत भवानीच्या गोंधळ्यांचा. चूड कोकणातली, वाळक्या झावळ्यांची जुडी. तिला तेल नाही, वात नाही, विझू लागली की हातानं झुलवायची.

दांडियाबाजार (बडोदा)

वरच्या 'तोफेला बत्ती' वरून: बत्ती हा शब्दही इकडून तिकडे उड्या मारतो. मुळात वात. मग मेणबत्ती, उदबत्ती, गॅसबत्ती, रेल्वेच्या गार्डची हातबत्ती, आणि वीज गेली की 'बत्ती गुल'. त्यातला गुल फारसी, दिवा विझवणे या अर्थाचा.

वऱ्हाडी_पाहुणा

विदर्भात टॉर्चला चोरबत्ती. चोराशी संबंध नाही, चोरखिसा आणि चोरदरवाजा यांतला 'चोर' म्हणजे लपलेला. बटण दाबेपर्यंत उजेड लपून असतो.

व्युत्पत्ती_वेडी

विझवण्याच्या शब्दांवर कुणी आलंच नाही, आणि खरी मजा तिथे आहे. दिवा 'विझवला' म्हणणं अशुभ, म्हणून मराठीत दिवा मालवतात, शांत करतात, त्याला निरोप देतात. हिंदीत 'दिया बढ़ाना' म्हणजे विझवणे. इंदुरात नवीन आलेल्या मराठी माणसाला 'लालटेन बढ़ा दो' म्हटलं तर तो किल्ली फिरवून ज्योत मोठी करेल! आणि मग काच काळी. खरं तर आपल्याकडेही तीच पद्धत आहे. बांगडी फुटत नाही, वाढते. नारळ फोडत नाही, वाढवतो. फक्त दिव्याला आपण तो शब्द लावला नाही.

गुजरातीत 'दीवो राम करवो'. बडोदेकर, चुकत असेन तर सांगा.

दांडियाबाजार (बडोदा)

बरोबर आहे ताई. 'दीवो राम थयो' म्हणजे विझला.

लष्करवाला (ग्वाल्हेर)

मराठी बोलीतले टोमणे बहुतेक दिव्यांवरच बेतलेत. टेंभा मिरवणे, काय दिवे लावले, दिवे ओवाळणे, कुळाचा दिवटा. चारही कौतुकाचे शब्द उलटे करून मारलेले. कंदिलावर मात्र असा एकही रुजलेला नाही. परका म्हणून सुटला असेल.

जुनी_वात (इंदूर)

सुटला, कारण उशिरा आला. दिवटी आणि टेंभा मिरवणुकीत पुढे असायचे, मिरवणाऱ्यालाच टोमणा बसणार. कंदील बिचारा बैलगाडीच्या बुडाला.

आता तेलाचं नाव. घासलेट हे 'गॅसलाइट'चं रूप, म्हणजे दिव्याचं नाव तेलाला लागलं. रॉकेल हे 'रॉक ऑइल'. मुंबई-पुण्याकडे रॉकेल, इंदुरात आणि बडोद्यात मराठी, हिंदी, गुजराती तिन्हींत घासलेट, आणि ग्वाल्हेरकडे सरकलात की मिट्टी का तेल. या एका शब्दावरून माणूस कुठला ते बरंचसं कळतं.

निमाडवारा

रेशनचं निळं घासलेट आता सहज मिळत नाही. कंदिलात काय घालायचं? डिझेल चालतं असं एकानं सांगितलं.

मिस्त्री_मल्हारगंज (इंदूर)

डिझेल जड. वातीतून नीट चढत नाही, काजळी धरतं आणि घरभर वास. पेट्रोल, थिनर किंवा त्यांची भेसळ तर अजिबात नाही. केरोसीनच्या भारतीय मानकात ज्वलनबिंदू, म्हणजे तेलाची वाफ पेट घेते ते तापमान, निदान ३५ अंश ठरवलाय, पेट्रोलची वाफ त्याच्या फार खाली, गोठवणाऱ्या थंडीतही पेटते. कंदिलाची टाकी ज्योतीच्या चार बोटं खाली असते हे विसरू नका. दिव्यांसाठी विकलं जाणारं पातळ पॅराफिन तेल चालतं, पण बाटलीवर कंदिलासाठी असं लिहिलेलं पाहून घ्या. पणतीसाठीची काही जेलं आणि जाड तेलं त्याच फळीवर असतात. पूर्वी निळं तेल वापरलेला कंदील असेल तर वात बदला, निळा रंग वातीत साचून तिची भोकं बुजवतो.

खोली बंद करून कंदील ठेवून झोपू नका. वर छताला लाकूड असेल तर छत्री आणि लाकूड यांत निदान दोन फूट ठेवा.

परदेशीपुरा (इंदूर)

काका, किल्ली फिरते पण वात हलत नाही. वात नवीच आहे, पाच सुताची, मापाची.

मिस्त्री_मल्हारगंज (इंदूर)

बर्नर काढून खालून बघा. वात खालच्या बाजूनं चाकांच्या दातांत अडकली नसेल, नुसती फटीत बसली असेल. ती पूर्ण बाहेर काढा, वरची कडा ताजी कापा, खालून सरळ घाला आणि किल्ली उजवीकडे फिरवताना बोटानं हलकं वर ढकला. दोन दात धरले की पुढे आपोआप चढते. तरी नाही चढली तर चाकाचे दात झिजलेत. नुसता बर्नर वेगळा मिळतो, रानीपुऱ्यात विचारा, पण जुना बर्नर खिशात घेऊन जा. आट्यांचं माप कंपनीगणिक वेगळं असतं.